वास येतो, पण कुठल्या खणातून? कांदा चाळ आणि संशोधन स्पर्धेचं एक प्रकरण

कांदा पट्ट्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चौघांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कांदा साठवायच्या चाळीतली सड ओळखणारं उपकरण करायला घेतलं. गाव मिळालं ते विद्यापीठाच्या विस्तार कक्षाच्या गावोगावच्या कामातून, म्हणजे विस्तारकार्यातून, आणि स्पर्धेत उतरवलं ते त्याच विद्यापीठाच्या नवोपक्रम कक्षाने. दोन्ही कक्ष एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. दोघांच्या तारखा मात्र एकमेकांना कुठेच जुळत नव्हत्या, आणि या प्रकरणातल्या बहुतेक अडचणी तिथूनच निघाल्या. विस्तारकार्य समन्वयकांच्या चर्चेसाठी मी हे लिहून काढलं. संस्था, गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत एवढे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात विद्यापीठांच्या पातळीवर विद्यार्थी संशोधनाची मोठी स्पर्धा म्हणजे ‘आविष्कार’. कुलपतींच्या पुढाकाराने २००६ पासून ती सुरू आहे. मानव्यविद्येपासून अभियांत्रिकीपर्यंत सहा गट, पोस्टर आणि तोंडी सादरीकरण, आणि पायऱ्या महाविद्यालय, जिल्हा किंवा विभाग, विद्यापीठ, मग राज्य. साधारण दिवाळीच्या आगेमागे महाविद्यालयांत निवड सुरू होते आणि राज्यस्तर जानेवारीकडे जातो. जोडीला २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकाथॉन’ आहे. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी ३६ तासांची, हार्डवेअरची पाच दिवसांची.

दुसरीकडे २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘उन्नत भारत अभियान’. आयआयटी दिल्ली त्याची राष्ट्रीय समन्वयक. सहभागी संस्थेने किमान पाच गावं घ्यायची, तिथल्या अडचणी समजून घ्यायच्या आणि जमेल ते तंत्रज्ञान पोचवायचं. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समुदाय सहभागाला श्रेयांक (क्रेडिट) आले. त्यामुळे गावात जाणं हे आता राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरापुरतं राहिलेलं नाही.

या महाविद्यालयाने घेतलेल्या गावांपैकी एकात जवळपास प्रत्येक मळ्यात चाळ आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये निघतो, चाळीत भरला जातो आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने बाहेर काढला जातो. तळाला जमिनीपासून उचललेला, हवा खेळेल असा माचा, बाजूंना बांबू किंवा जाळी, वर सिमेंटचे पत्रे आणि आत आडव्या भिंती घालून केलेले खण. साठवणीत वजन घटतं, कोंब येतात, काजळी (काळी बुरशी) धरते आणि सड लागते. पाच-सहा महिन्यांत ३० ते ४० टक्के माल जाणं ही या भागात नवलाची गोष्ट नाही. त्यातली सड सर्वांत वाईट, कारण सडलेल्या कांद्याचं पाणी खालच्या थरांवर ठिबकत जातं.

अडचण

विद्यार्थी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा गावात गेले तेव्हा त्यांच्या हातात दोन गोष्टी होत्या. विस्तार कक्षाचा घरोघरी भरून घ्यायचा नमुना, ज्यात शौचालय, गॅस, रेशनकार्ड, शाळागळती असं सगळं होतं; आणि आधीच मागवून ठेवलेला एमक्यू-१३५ नावाचा वायू-सेन्सर. म्हणजे उत्तर पिशवीत घेऊनच ते प्रश्न विचारायला निघाले होते. यात त्यांना दोष देण्यासारखं फार नाही. प्रकल्पाचा विषय जुलैअखेर नोंदवावा लागतो, आणि त्या वेळेपर्यंत कोणी गाव पाहिलेलं नसतं.

ज्यांच्या चाळीत ते पहिल्यांदा शिरले त्या शेतकऱ्यांना सगळं गाव नाना म्हणतं, म्हणून मुलंही नाना म्हणू लागली. उपकरण कांदा सडला की मोबाइलवर सूचना देईल, असं गटातल्या एकीने समजावून सांगितलं. नाना म्हणाले, “वास तर मला बी येतो, पोरी. रस्त्याने जाणाऱ्यालाही येतो. कुठल्या खणातून येतो तेवढं सांगणारं काही असलं तर बघा.”

या एका वाक्यात अख्खी समस्या होती, पण ते वाक्य वहीत उतरलं ते ‘शेतकऱ्याला उपकरणात रस आहे’ एवढंच होऊन. त्यामागचं गणित असं. खण उघडला की मजूर लावून निवड करावी लागते. चांगला माल, गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब कांदा) वेगळी होते. निवडलेला कांदा परत चाळीत टाकता येत नाही, तो ट्रॅक्टरमध्ये भरून बाजार समितीकडेच जातो. खण उघडणं म्हणजे त्या दिवशीच्या भावाला माल विकणं. भाव पडलेला असताना चुकीचा, म्हणजे चांगला टिकलेला खण उघडला, तर नुकसान दुहेरी: चांगला माल स्वस्तात गेला आणि सडका तिकडे सडतच राहिला. भावाचं म्हणाल तर तो शेतकऱ्याच्या हातात नसतोच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली. चाळीत माल धरून बसलेल्यांना ते अजून आठवतं.

थोडक्यात, नानांना धोक्याची घंटा नको होती. त्यांना क्रम हवा होता. आठ खणांपैकी आधी कुठला उघडू?

पहिला टप्पा: खोक्यातला कांदा

गटाने ठरल्याप्रमाणे वायू-सेन्सर, एक छोटा नियंत्रक आणि मोबाइल ॲप जोडून यंत्र उभं केलं. पारदर्शक ॲक्रिलिकच्या खोक्यात सडका कांदा ठेवला की आकडा चढायचा आणि फोन वाजायचा. महाविद्यालयातल्या फेरीत हे प्रात्यक्षिक सगळ्यांना आवडलं, विभागीय फेरीतही निवड झाली. परीक्षकांपुढे दहा मिनिटं असतात, आणि दहा मिनिटांत वाजणारा फोन कुणालाही पटतो.

चाळीत तेच यंत्र नेलं तेव्हा ते वाजेना. आणि एकदा वाजलं ते शेजारी फवारणी चालू होती म्हणून. कारणं समजून घेण्यासारखी आहेत. चाळ मुळातच हवा खेळावी म्हणून बांधलेली असते, त्यामुळे वायू एका जागी साचत नाही. हा सेन्सर अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा कितीतरी गोष्टींना सारखाच दाद देतो. तापमान आणि आर्द्रता बदलली की त्याचा आकडा आपोआप सरकतो, आणि श्रावणातल्या चाळीत या दोन्ही गोष्टी दिवसभर बदलत असतात. शिवाय त्याच्या आत तापणारी तार असते. तिला सतत पाऊण वॅटच्या आसपास वीज लागते आणि मळ्यातल्या चाळीत विजेचा बोर्डच नसतो. पॉवर बँकेवर दीडेक दिवस निघाला.

निरुपाय म्हणून त्यांनी खणाच्या आत, ढिगाच्या पोटात सेन्सर घालायचा प्रयत्न केला. तिथे कांदे दुखावू लागले. तेव्हा नानांनीच सुचवलं की दोन खणांत हवेसाठी भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप भरतानाच उभे केलेले आहेत, त्यात सोडा ती वायर.

त्या दिवशी उपकरणाचा आकार बदलला. दोरीला बांधलेला, पोलादी नळीतला तापमान-सेन्सर पाइपातून खाली सोडायचा, वर, मध्ये आणि तळाशी थांबवून आकडा घ्यायचा, मग पुढच्या खणाकडे जायचं. सड लागलेल्या जागी श्वसन वाढतं आणि ऊब धरते. अर्ध्या अंशाइतक्या अचूकतेचा साधा सेन्सर तेवढा फरक दाखवू शकतो. आर्द्रताही मोजून पाहिली, पण पावसाळ्यात सगळे खण सारखेच ओले दाखवू लागले, म्हणून ती सोडून दिली. पत्रे तापायच्या आत, सकाळी लवकर आकडे घ्यायचे असं ठरलं. खर्च कमी, वीज जवळपास नाही, आणि ही एकच सेन्सरची कांडी चार-पाच मळ्यांत फिरू शकते.

समोर असलेले पर्याय

नोव्हेंबरात गटापुढे खरा पेच आला. विद्यापीठस्तरीय फेरी महिन्यावर होती. चाळी रिकाम्या होत आल्या होत्या आणि लाल कांदा टिकत नसल्यामुळे तो भरला जात नाही. म्हणजे नवीन यंत्राची आणखी चाचणी घ्यायला मालच नव्हता.

एक पर्याय खोक्याचं प्रात्यक्षिक घेऊन पुढे जाण्याचा. ते घासून तयार होतं. गटातल्या दोघांचा याला पाठिंबा होता, वर ‘मशीन लर्निंग’ची जोड द्यायची त्यांची कल्पना होती. प्रशिक्षणासाठी विदा (डेटा) कुठून आणणार, या प्रश्नावर खोक्यातच वेगवेगळे कांदे ठेवून आकडे जमवू असं उत्तर आलं. हे उत्तर मला धोक्याचं वाटतं. त्यातून येणारी अचूकता खोक्याची असते आणि पोस्टरवर ती चाळीची म्हणून छापली जाते.

दुसरा पर्याय पाइपातली कांडी दाखवण्याचा. ती चाळीत चालते असं दिसत होतं, पण हाताशी आकडे मोजके होते आणि परीक्षक विचारणार की यात नवीन काय. तिसरा, स्पर्धेतून माघार घेऊन नुसता प्रकल्प पूर्ण करण्याचा. यावर विभागात कुणी गंभीरपणे बोललं नाही, कारण विद्यापीठ फेरीतला सहभाग महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फाइलीत जातो. माघारीची नोंद करायला त्या फाइलीत रकाना नाही.

मार्गदर्शक मॅडमनी गटाला निवड करू दिली, पण एक अट घातली: पोस्टरवरचं प्रत्येक विधान चाळीत तपासलेलं असलं पाहिजे. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. ‘९० टक्के अचूकता’ ही ओळ तिथेच गेली. वाद मिटला असं नाही, पण भांडण आवडीनिवडीचं होतं ते पुराव्याचं झालं. शेवटी दोन्ही एकत्र मांडायचं ठरलं: खोक्यात वायू-सेन्सरने काय दाखवलं, चाळीत तेच का चाललं नाही, आणि मग पाइपातल्या तापमानाचे आकडे.

पेटंटचा प्रश्न

याच आठवड्यांत नवोपक्रम कक्षातून निरोप आला की विद्यापीठ फेरीआधी तात्पुरता पेटंट अर्ज टाकून घ्या. कायद्याच्या अंगाने ही घाई अनाठायी नव्हती. जाहीर प्रदर्शनात गोष्ट मांडली की तिचं नावीन्य धोक्यात येतं. प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. महाविद्यालयातल्या पोस्टर फेरीला ती लागू पडेल असं धरून चालता येत नाही. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. म्हणून सगळे म्हणतात, टाकून ठेवा.

मॅडमनी मात्र दोन प्रश्न विचारले. भोकांचा पाइप जुनाच, तापमान-सेन्सर जुनाच. ओळखीची साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं नेहमीचंच काम करत राहिलं, तर १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार तो शोध ठरत नाही. आपलं त्यापलीकडे काय आहे? आणि दुसरं, अर्जात खऱ्या आणि पहिल्या शोधकाचं नाव लागतं. सेन्सर पाइपात सोडायचं सुचवलं कुणी?

कक्षाने सुचवलं की शेतकऱ्याचे पोस्टरवर आभार मानू, अर्ज विद्यार्थ्यांच्या आणि मार्गदर्शकांच्या नावे करू. अर्ज झाला नाही. पोस्टरवर नानांचं नाव आभारांत न टाकता सहभागी म्हणून, विद्यार्थ्यांच्या नावांखाली त्याच टाइपात छापलं. स्पर्धेच्या अर्जात तशी जागा नव्हती, तिथे ते राहिलंच. नानांना विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की नावाचं बघा तुमचं, पण पुढच्या वर्षी कांडी इकडे येऊ द्या.

विद्यापीठ फेरी

एका परीक्षकाने पहिलाच प्रश्न केला, “यात एआय कुठे आहे?” दुसरे कृषी शाखेचे होते, ते ढिगाची उंची, पाइपांमधलं अंतर, वाण आणि भरण्याआधी किती दिवस सुकवला याबद्दल बराच वेळ विचारत राहिले. यातलं निम्मं गटाने नोंदवलेलंच नव्हतं. वाण आणि सुकवण्याचे दिवस सड लागण्यावर थेट परिणाम करतात, तेव्हा हे प्रश्न वर्मावर होते. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय या विषयावर वर्षानुवर्षं काम करतं आहे. तिथल्या शिफारशी ऑगस्टमध्ये वाचल्या असत्या तर नोंदवहीचे रकानेच वेगळे झाले असते.

राज्यस्तरासाठी निवड झाली नाही.

पुढचा हंगाम

इथे बहुतेक प्रकल्प संपतात. मुलं मे मध्ये उत्तीर्ण होऊन जातात, उपकरण प्रयोगशाळेच्या कपाटात जातं. यात आणखी एक गाठ होती. पाइप चाळ भरतानाच उभे करावे लागतात. भरलेल्या ढिगात ते नंतर घुसवले तर कांदा जखमी होतो आणि तिथूनच सड सुरू होते. भरणी एप्रिल-मे मध्ये, आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा.

पैशाचं काम योगायोगाने जमलं. विस्तारकार्याचा निधी फेब्रुवारीत हाती आला आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा होता. मार्चअखेरच्या घाईत निदान एकदा तरी उपयोगाची वस्तू घेतली गेली: पीव्हीसी पाइप, तीन कोटेशनांसह. भोकं पाडून देणाऱ्या गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जीएसटी क्रमांक नव्हता, त्याचं बिल बसेना. ते पैसे मॅडमनी स्वतःकडून दिले, आणि हे असं व्हायला नको होतं.

पाइप उभे करायला तिसऱ्या वर्षाची मुलं आणि प्रयोगशाळा सहायक गेले. चार मळ्यांत काम झालं. जूनपासून आठवड्याला एकदा आकडे घ्यायचे होते. ॲपवर भरायचं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात नानांच्या सूनबाईंनी ते शाळेच्या जुन्या वहीत लिहिले, कारण सकाळी चाळीत जाणं त्यांचंच काम होतं आणि फोन त्या वेळी मुलाकडे असायचा. वहीत तारखेशेजारी त्यांनी स्वतःहून आणखी एक रकाना पाडला: ‘पाऊस होता / नव्हता’. पुढे आकड्यांचा अर्थ लावताना तो रकाना फार कामी आला.

निष्पत्ती

दोन मळ्यांत कांडीने सर्वांत उबदार दाखवलेला खण उघडला तेव्हा तळाला खरोखर सड निघाली. तिसऱ्या ठिकाणी पश्चिमेकडचा खण सतत गरम दिसत होता. उघडल्यावर माल चांगला निघाला. दुपारनंतरचं ऊन थेट त्या बाजूवर यायचं आणि ती ऊब सकाळपर्यंत टिकायची. चौथ्या मळ्यात सप्टेंबरमध्ये भाव चढला तसे एकामागोमाग सगळेच खण काढले, क्रम पाहायला कुणी थांबलं नाही. एवढ्यावर कांडी चालते असं म्हणता येणार नाही. आणखी एक हंगाम पाहण्याइतपत ती आशादायक आहे, इतकंच. पश्चिमेच्या खणावरून एक सुधारणा लगेच झाली. आता खणांची आपसात तुलना न करता प्रत्येक खणाची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करतात.

मूळ चौघांपैकी तिघं लगेच नोकरीला लागले. चौथी त्याच तालुक्यातली. नोकरीवर रुजू व्हायच्या आधीचे दोन महिने तिने धाकट्या मुलांना आकड्यांचा अर्थ लावायला शिकवलं. तेवढं झालं नसतं तर वही कुणाला वाचता आली नसती. हे हस्तांतर कुठल्याही योजनेत लिहिलेलं नव्हतं.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात आधी वेळापत्रक. कांद्यावर काम करायचं तर गावाची पहिली भेट एप्रिलमध्ये, तिसऱ्या वर्षात असताना व्हायला हवी. तेव्हा चाळ भरली जात असते, वाण कळतो, पाइप घालता येतात. ऑगस्ट-सप्टेंबरची सड शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला मिळते आणि डिसेंबरच्या स्पर्धेला खरे आकडे हाती असतात. तिसऱ्या वर्षाच्या क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक यासाठी वापरता येतील. द्राक्ष, डाळिंब, मासेमारी, वीटभट्टी, विषय कुठलाही घ्या, त्याचा हंगाम आधी मांडून मग विद्यापीठाच्या तारखा त्यावर बसवता येतात. उलट बसवायला गेलं की खोक्यातला कांदा हाती येतो.

घरोघरीचा नमुना भरण्याबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. तो अहवालासाठी लागत असेल तर जरूर भरावा, पण त्यातून प्रकल्पाचा विषय निघेल ही अपेक्षा सोडावी. त्यापेक्षा एका माणसाच्या मागे एक सकाळ फिरावं आणि तो कुठे अडतो, कुठला निर्णय पुढे ढकलतो ते लिहावं. नानांचं ते वाक्य त्याच दिवशी शब्दशः उतरवलं गेलं असतं तर दोन महिने वाचले असते.

परीक्षणातही बदल शक्य आहे, आणि त्यासाठी राज्यस्तरावरच्या नियमांची वाट पाहायचं कारण नाही. महाविद्यालयाच्या फेरीत ‘प्रत्यक्ष जागी घेतलेली चाचणी’ आणि ‘न चाललेल्या गोष्टीची मांडणी’ यांना गुण ठेवले तर मुलं अपयश लपवायच्या ऐवजी दाखवू लागतील. ज्या विषयाचा प्रकल्प आहे त्यातला एक जाणकार परीक्षकांत असावा, मग गट अभियांत्रिकीचा का असेना. एआयचा प्रश्न विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या हातातल्या गुणपत्रिकेतच तो दडलेला होता.

पेटंटचा निर्णय बरोबर होता का, यावर चर्चेत एकमत झालं नाही. एका प्राध्यापकांचं म्हणणं की अर्ज नानांच्या नावासह टाकायला हवा होता, निकाल काहीही लागो. मला ते पटत नाही, कारण टिकणार नाही असं माहीत असलेला अर्ज मूल्यांकनाच्या आकड्यासाठी टाकणं म्हणजे शेतकऱ्याचं नाव वापरणंच. पण स्पर्धेच्या अर्जात विद्यार्थी नसलेल्या सहभागींसाठी एक रकाना असावा, यावर सगळे सहमत होते. तो प्रस्ताव आता दोन्ही कक्षांच्या सह्यांनी कुलगुरूंकडे गेला आहे, त्यासोबत वेल्डिंगवाल्यासारख्या छोट्या कारागिरांची बिलं ठरावीक रकमेपर्यंत साध्या पावतीवर मंजूर करावीत ही मागणीही.